बाल्कनीबाईंचा पत्ता

क्रूझ जहाजावरची बाल्कनीवाली केबिन फोटोत फार चांगली येते. कुठलंही माहितीपत्रक उघडून पाहा. दोन खुर्च्या, मध्ये बुटकं टेबल, त्यावर संत्र्याच्या रसाचे दोन पेले आणि पलीकडे निळाशार समुद्र. कागदी रुमाल उडत नाही, पेला कलंडत नाही, खुर्चीतल्या तरुणीचा एक केसही जागचा हलत नाही. फोटोच्या वेळी जहाज बहुधा धक्क्याला बांधलेलं असावं. एरवी ते २०-२२ नॉटनी, म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास धावतं, आणि हवा अगदी पडलेली असली तरी तेवढा वारा आयता मिळतो.

या बाल्कनीवाल्या केबिनबाईंचा देह तसा लहानखुरा. खोली साधारण १७० ते २०० चौरस फुटांची, बाल्कनी चाळीस-पन्नास फुटांची. फोटोत ती ऐसपैस दिसते, कारण फोटो काढणारा कपाटाला पाठ टेकून, पोट आत ओढून उभा असतो. मुंबईच्या माणसाला या आकड्यांचं काही वाटत नाही. तो आत शिरल्याबरोबर वाकून पलंगाखाली बॅगा मावतात का ते बघतो. मावतात. मग तो बाईंशी बोलायला मोकळा होतो.

खानदानाचा विषय निघाला की बाई थेट टायटॅनिकपर्यंत जातात. १९१२ साली त्या जहाजाच्या बी डेकवर सर्वांत महागड्या दोन दालनांना पन्नास फुटी खासगी डेक होता. एक दालन जहाज कंपनीचे ब्रूस इस्मे यांच्याकडे, दुसरं शार्लट कार्डेझा या धनाढ्य अमेरिकन बाईंकडे. ते डेक खिडक्या लावून बंद केलेले होते, हा तपशील बाई सांगत नाहीत. त्यानंतर बराच काळ हे घराणं फार वाढलं नाही; बाल्कनी म्हणजे मोठ्या सूटवाल्यांची मिरास. १९८४ मध्ये ‘रॉयल प्रिन्सेस’ आलं. साउदॅम्प्टनला युवराज्ञी डायनाच्या हस्ते त्याचं नामकरण झालं. या जहाजावर प्रवाशांची एकही केबिन आतल्या बाजूला नव्हती आणि बाल्कन्याही बऱ्याच होत्या. नव्वदच्या दशकापासून जहाज बांधणाऱ्यांनी लाइफबोटी खाली आणल्या, त्यांच्या डोक्यावर बाल्कन्यांच्या रांगा चढवल्या, आणि आता मोठ्या नव्या जहाजांवर निम्म्याहून जास्त केबिनी बाल्कनीवाल्या असतात. राजवाड्यातल्या बाई सोसायटीत राहायला आल्या. तोरा मात्र राजवाड्याचाच राहिला.

मुंबईहून गोवा, लक्षद्वीप करणारं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ जहाज पाहिलं की हा बदल लक्षात येतो. ते १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, मुळात बहामाच्या तीन-चार रात्रींच्या सहलींसाठी. तीन रात्रींना बाल्कनी कशाला, असा तेव्हाचा हिशेब. म्हणून तिथे बाल्कनीवाल्या केबिनी मोजक्याच आहेत, आणि मोजक्या असल्यामुळे अंमळ जास्तच मानी.

बाईंची एक खोड आधीच सांगून ठेवतो. त्या स्वतःबद्दल भरभरून बोलतात, शेजाऱ्यांबद्दल अवाक्षर काढत नाहीत. आणि त्यांच्याकडे राहायला गेलं की सुख लागेल की नाही, ते ठरतं शेजाऱ्यांवर. गादी, उशा, समुद्र हे सगळ्या बहिणींचं सारखंच. फरक असतो तो डोक्यावर कोण आहे, पायाखाली कोण आहे आणि भिंतीपलीकडे कोण आहे यात.

डोक्यावर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे कर्मचारी आरामखुर्च्या मांडायला येतात. शे-दोनशे खुर्च्या. त्या उचलून ठेवायची पद्धत जगातल्या कुठल्याही जहाजावर नाही, ओढत नेतात. सूर्योदय पाहायला गजर लावावा लागत नाही. तलावाशेजारच्या उपाहारगृहाखाली राहिलात तर त्याच वेळी ट्रॉल्यांच्या चाकांचा खडखडाट सुरू होतो, आणि एखादी ट्रॉली नेमकी तुमच्या उशीवर येऊन थांबते. पायाखाली थिएटर किंवा नाइटक्लब असेल तर दिवस उलटा. सकाळी शांत, रात्री अकरानंतर ढोल. बास कानाने ऐकू येत नाही, गादीतून येतो.

बरं, जहाजाच्या नकाशात तलाव आणि थिएटर निदान लिहिलेलं तरी असतं. नकाशात जिथे काहीच लिहिलेलं नाही, रंगही भरलेला नाही, अशा पांढऱ्या चौकोनाशेजारी राहताना जास्त जपावं. जहाजावर रिकामी जागा नसते. तो चौकोन म्हणजे कर्मचाऱ्यांची लिफ्ट, भांड्यांची पँट्री, नाहीतर चादरींच्या गाड्या ठेवायची जागा. कंपनी खोटं बोलत नाही, फक्त तेवढ्या ठिकाणी गप्प बसते. जाणते प्रवासी म्हणून तीन मजल्यांचे नकाशे शेजारी शेजारी मांडून बसतात. वरही केबिनी, खालीही केबिनी अशी मधली जागा हेरतात. झोपलेल्या माणसांच्या मध्ये झोपावं, इतकं साधं गणित.

भिंतीपलीकडचं प्रकरण वेगळं. काही केबिनींना शेजारच्या केबिनीत उघडणारं दार असतं, मोठ्या कुटुंबांच्या सोयीसाठी. दाराला कुलूप असतं, पण आवाजाला कुलूप नसतं. शेजारच्या घोरण्याची पट्टीसुद्धा कळते. लिफ्टचं नाव मात्र उगाच बदनाम. लिफ्ट बिचारी गुपचूप वरखाली करते; त्रास असतो तो लिफ्टची वाट पाहत उभ्या असलेल्यांचा, जे रात्री बाराला आज जेवणात काय काय घेतलं याची उजळणी करतात. म्हणून लिफ्टपासून थोडं लांब बरं. फार लांबही नको. मोठी जहाजं तीनशे मीटरच्या पुढे असतात आणि गुडघे दुखणाऱ्याला तो कॉरिडॉर तिसऱ्या दिवशी संपेनासा होतो. काही जहाजांवर गालिच्यावर मासे विणलेले असतात, सगळ्यांची तोंडं जहाजाच्या पुढच्या टोकाकडे. आपण मागे चाललोय की पुढे, हे माशांना विचारायचं.

स्वभावाने तिन्ही बहिणी तीन तऱ्हेच्या. पुढच्या टोकाला राहणारी तापट. लाटा आल्या की जहाजाचं नाक वरखाली होतं, त्यात ती सगळ्यात जास्त उसळते. वारा तोंडावर. धुकं पडलं की भोंगा जवळ, बंदराबाहेर थांबायचं असेल तर नांगराच्या साखळीचा गडगडाट जवळ. शिवाय अगदी समोर तोंड करून असलेल्या केबिनींना अंधार पडला की पडदे बंद ठेवायला सांगतात, कारण त्यांचा उजेड ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांच्या डोळ्यांवर येतो. पैसे समुद्र पाहायचे द्यायचे आणि रात्री पडदा पाहायचा.

मागच्या टोकाची बहीण भावुक. जहाजाने मागे टाकलेली फेसाची वाट तिच्यासमोर पार क्षितिजापर्यंत जाते, आणि ती पाहता पाहता माणसं तासन्‌तास गप्प होतात, नवराबायकोसुद्धा. तिची बाल्कनीही बहुधा ऐसपैस. पण जहाज ढकलणाऱ्या पंख्यांची थरथर तिच्या अंगात असते. वेग वाढला की दात घासायचा ग्लास काचेच्या फळीवर किणकिणायला लागतो. काही जहाजांच्या मागच्या बाल्कन्या पायऱ्यांसारख्या उतरत येतात. वरच्याला खालच्याच्या ताटात काय आहे ते स्पष्ट दिसतं.

मधली बहीण समजूतदार. जहाज पुढेमागे डोलतं तेव्हा ती सगळ्यात कमी हलते, म्हणून ती त्याचे वेगळे पैसे घेते. जहाज दोन्ही कुशींवर झुलतं त्याचा हिशेब वेगळा: जितकं वर राहाल तितका झोका मोठा. पाण्याखाली जहाजाला पंख असतात, ते कुशींचं झुलणं बरंच आवरतात; नाकाचं वरखाली होणं त्यांना आवरत नाही. आता गंमत अशी, की सर्वांत महाग केबिनी असतात सर्वांत वर. आठव्या मजल्यावरचा हिशेबी माणूस गाढ झोपतो आणि चौदाव्यावरचा लक्षाधीश आल्याचा तुकडा चघळत छताकडे बघत पडतो. ज्याला बोट लागते त्याने मध्यभाग आणि खालचा मजला सोडू नये, दुकानदाराने कितीही वरचं दाखवलं तरी.

काही जहाजांचा मधला भाग किंचित फुगवलेला असतो. सेलेब्रिटी कंपनीच्या ‘सॉल्स्टिस’ जातीच्या जहाजांवर त्या फुगवट्याच्या उताराला तिरक्या, थोड्या मोठ्या बाल्कन्या आहेत, आणि तिथून जहाजाची अख्खी कूस नजरेत येते. नेहमीचे प्रवासी या केबिनी वर्षभर आधी पळवतात.

लाइफबोटींशेजारी राहणाऱ्या बहिणीची मात्र कीव येते. तिचं सगळं बरं, समोर तेवढी नारिंगी बोट टांगलेली. क्वीन मेरी २ च्या आठव्या डेकवरच्या बऱ्याच बाल्कन्यांचं असंच आहे. याच जहाजाच्या खालच्या मजल्यांवर आणखी एक तऱ्हा: अटलांटिकच्या माराला टिकाव्यात म्हणून बाल्कन्या जहाजाच्या पोलादी कुशीत कोरल्यासारख्या केल्यात. वारा लागत नाही, पाऊस येत नाही. पण खुर्चीत बसलं की समोर पोलाद आणि उभं राहिलं की समुद्र. अशा ठिकाणी माणूस सहा दिवसांत खूप उठाबशा काढतो. लाइफबोट दारात आहे म्हणजे वेळ आली तर पहिला नंबर आपला, अशी समजूत कुणी करून घेऊ नये. कोण कुठल्या बोटीत, ते मस्टर स्टेशनवर, म्हणजे आणीबाणीत जमायच्या जागी ठरतं, केबिनीच्या दारात नाही.

डावी बाजू की उजवी, यावर बाईंचा फार कटाक्ष, आणि तो कधी खरा असतो, कधी नुसता नखरा. मुंबईहून गोव्याला जाताना डावीकडे कोकण, उजवीकडे मावळता सूर्य. संध्याकाळी निघणाऱ्या जहाजावरून कोकण अंधारातच जातं, तेव्हा उजवी घ्यावी. परतताना सगळं उलट. साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जाताना ऊन डाव्या बाजूला, कारण दक्षिण तिकडे. नॉर्वेच्या किनाऱ्याने वर जाताना जमीन उजवीकडे. अलास्काच्या ग्लेशियर बेमध्ये मात्र यावर डोकं शिणवू नये. तिथे कप्तान हिमनदीसमोर जहाज उभं करतो आणि सावकाश गोल फिरवतो. डावे-उजवे सगळे सारखेच भाग्यवान.

या कटाक्षाची मोठी खोड मोडली ती व्हेनिसने. समुद्रातून शहरात शिरताना सेंट मार्कचा चौक आणि डोजचा राजवाडा उजवीकडे यायचे, तेही सातव्या-आठव्या मजल्याच्या उंचीवरून. उजव्या बाजूच्या बाल्कन्या तेवढ्या एका तासावर वर्षानुवर्षं मिजास करत होत्या. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना त्या वाटेने जायला बंदी झाली. व्हेनिसच्या पायांना लाटा बसतात, या तक्रारीपुढे बाल्कनीचं काही चाललं नाही, आणि चालू नये.

बंदरात तर बाईंचा काहीच भरवसा नसतो. जहाज कुठल्या कुशीवर लागेल ते त्या दिवशी कळतं. कधी समोर जुनं शहर येतं, कधी कंटेनरची उतरंड. नासाऊला किंवा कोझुमेलला चार-पाच जहाजं शेजारी शेजारी उभी राहतात, तेव्हा बाल्कनीसमोर बाल्कनी येते. पलीकडच्या जहाजावरचे आजोबा बनियनवर चहा पीत आपल्याकडे बघतात. आपण हात करतो. तेही करतात. समुद्रदर्शनाचे पैसे मोजलेले असतात.

‘खासगी बाल्कनी’ हा बाईंचा लाडका शब्द. त्या खासगीपणाची मर्यादा चाळीच्या गॅलरीत वाढलेल्याला लगेच कळेल. दोन बाल्कन्यांमधला पडदा पुरता छतापर्यंत जाईलच असं नाही, कठड्याला चिकटेलच असं नाही. शेजारची सून सासूबद्दल काय म्हणाली ते ऐकू येतं, सिगारेटचा वास येतो, आणि मान थोडी पुढे केली की कोण काय वाचतंय तेही दिसतं. गट एकत्र असेल तर स्टुअर्डला सांगून मधला पडदा उघडताही येतो. मग तर संपूर्ण चाळच. वर पुन्हा ब्रिजचे दोन पंख जहाजाच्या बाहेर काढलेले असतात, आणि धक्क्याला लागताना अधिकारी तिथे उभे राहून जहाजाची कूस न्याहाळत असतात. टॉवेल गुंडाळून उभं राहायची वेळ ही नव्हे.

टॉवेलवरून आठवलं. आपल्याकडच्या माणसाला कठडा दिसला की त्यावर काहीतरी वाळत घातल्याशिवाय चैन पडत नाही. इथे ते चालत नाही. वारा पोहण्याचे कपडे नेतो आणि तीन केबिनी मागे नेऊन सोडतो. शिवाय काही वाळतही नाही. सकाळी कठड्यावर बोट फिरवलं तर मिठाचा चिकट थर हाताला लागतो. बाल्कनीचं दार उघडं टाकून कॉरिडॉरचं दार उघडलंत, तर हवेचा असा झोत येतो की दार धाडकन आपटतं आणि अर्धा मजला जागा होतो. काही जहाजांवर बाल्कनीचं दार उघडं राहिलं की एसी आपोआप बंद पडतो. बाईंना एका वेळी एकच पाहुणा चालतो: समुद्राची हवा, नाहीतर यंत्राची.

एक व्यसन त्यांना महागात पडलं. २३ मार्च २००६ ला पहाटे कॅरिबियनमध्ये जमैकाकडे निघालेल्या ‘स्टार प्रिन्सेस’च्या एका बाल्कनीत आग लागली. चौकशीत कारण निघालं ते बहुधा न विझलेलं सिगारेटचं थोटूक. प्लास्टिकच्या खुर्च्या, प्लास्टिकचे पडदे, जमिनीवरच्या प्लास्टिकच्या फरश्या. आग एका बाल्कनीतून दुसरीत, खालच्या मजल्यावरून वरच्या, चढत गेली. एका प्रवाशाचा जीव गेला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले. बाल्कनीत काय ठेवायचं, पडदे कशाचे करायचे, आग कळायची आणि विझवायची सोय काय, हे सगळं ठरलं. बहुतेक कंपन्यांनी बाल्कनीत धूम्रपानही बंद केलं. आजच्या खुर्च्या थोड्या टणक आणि कुरूप आहेत, त्यामागे हे आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकवून ठेवलं गेलं, तेव्हा बाल्कनी म्हणजे चैन हा समज काही दिवस पुसला गेला. ३,७११ माणसं, सातशेहून जास्तांना करोना. बाल्कनीवाल्यांना निदान बाहेरची हवा होती. आतल्या केबिनीतल्यांना पाळीपाळीने थोडा वेळ डेकवर सोडत. आणि या सगळ्यांना जेवणाची ताटं पोचवणारे कर्मचारी, त्यांत १३२ भारतीय, आपल्या दाटीवाटीच्या, दोघादोघांनी वाटून घ्यायच्या खोल्यांत राहत होते. आजही बाईंच्या घरी चादरी बदलणारा हात बऱ्याचदा गोव्याचा असतो. तो समुद्र बघतो तो काच पुसताना.

बाईंचं नाव झालं तशा तोतयाही निघाल्या. ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’ने २००९ मध्ये जहाजाच्या पोटात बाग केली, बारा हजारांवर खरी झाडंझुडपं लावली आणि त्या बागेवर उघडणाऱ्या बाल्कन्या काढल्या. समुद्रावर जायचं आणि झाडं बघायची. यात मला काही गैर वाटत नाही, फक्त मग महाबळेश्वर स्वस्त पडतं. २०१८ च्या ‘सेलेब्रिटी एज’वर बाल्कनी खोलीतच ओढून घेतली: बटण दाबलं की काचेचा वरचा अर्धा भाग खाली सरकतो. हवा खराब झाली की ब्रिजवरून ती बंद करता येते, म्हणजे तुमच्या बाल्कनीची किल्ली कप्तानाच्या खिशात. सर्वांत धीट तोतया ‘नॅव्हिगेटर ऑफ द सीज’वर, २०१४ पासून. आतल्या, बिनखिडकीच्या केबिनीत ऐंशी इंची पडदा, त्यावर बाहेरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र, आणि समोर खोटा कठडा. ती बाई वारा देत नाही, मीठ देत नाही, शेजारी तर मुळीच देत नाही. पडदा बंद केला की काळोखात दहा वाजेपर्यंत झोप लागते. माझा तिच्याविषयी आदर वाढत चालला आहे.

बाईंना स्वस्तात गाठायचं असेल तर ‘गॅरंटी’ नावाचा मार्ग आहे. बाल्कनी मिळणार हे पक्कं, कुठली ते कंपनी शेवटी ठरवणार. ज्याला कुठेही झोप लागते त्याने जरूर घ्यावा. ज्याला गादीतला ढोल आणि डोक्यावरच्या खुर्च्या सहन होत नाहीत, त्याने थोडे पैसे जास्त टाकून नंबर स्वतः निवडावा. सोबत लहान मूल असेल तर कठड्याजवळ चढता येईल असं काही ठेवू नये. इथे मात्र विनोद नाही.

आणि मराठी गटात निघालात तर हा सगळा खटाटोप नीट विचार करूनच करा. बारा जणांत एकाच जोडप्याची बाल्कनी असली, तर पहिल्या संध्याकाळी जहाज धक्का सोडताना काकू भडंगाचा डबा घेऊन ‘पाच मिनिटं हं’ म्हणत येतात. मागोमाग मेहुणे, मेहुण्यांचे साडू, फोन चार्जिंगला लावायला भाचा. दोघांसाठी केलेल्या जागेत नऊ माणसं रेलिंगला लागतात, प्रत्येकाला फोटोत मागे समुद्रच हवा. ज्यांनी महिनाभर नकाशे पालथे घालून ही केबिन शोधली, ते गृहस्थ आत पलंगाच्या कडेवर बसून सगळ्यांचे चष्मे, पर्सा आणि चपला सांभाळत असतात, आणि बाहेरून कुणीतरी विचारतं, ‘अहो, शेव आणलीय का?’